सहा नंबरचं ब्राउन

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि नेमाने हसतो, हे आधीच कबूल करतो. पिंपळ, पैंजण, पांढरी साडी... माझी बायको भागरता म्हणायची, "हसू नोका जी, लोकं काई खोटं नाई लिहित." मग मी मुद्दाम जास्त हसायचो. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून चौतीस वर्षं काढलेला माणूस मी. आमच्याकडे गाडी दहा मिनिटं लेट झाली तरी रजिस्टरात कारण लिहावं लागतं. 'कारण माहीत नाही' असं लिहायची सोयच नाही. पण एका दुपारचं कारण मला आजवर लिहिता आलेलं नाही.

दरेकसा आज गोंदिया जिल्ह्यात येतं, तेव्हा भंडारा जिल्हा होता. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. स्टेशनापासून मैलभरावर एका खाणकंपनीच्या गोऱ्या साहेबांनी जंगल तोडून नऊ होलचं गोल्फचं मैदान केलं होतं. गोरे गेले, आपले साहेब आले, पिशव्या वाहणारे आम्ही तेच राहिलो. मी तिथे कॅडी होतो. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखल तुडवण्यापेक्षा हे बरं, म्हणून गेलो आणि नऊ वर्षं अडकलो.

टीव्हीवर दिसतं ते हिरवंगार गोल्फ विसरा. आमच्याकडे भोकाभोवती गवत नसायचंच. रेतीत जळकं तेल कालवून गोल अंगण केलेलं असे, भोकापासून काठापर्यंत आठ पावलांचं. काठाला चुना लावलेले दगड. त्याला म्हणायचे ब्राउन. खेळाआधी ते सारखं करायची पद्धत ठरलेली होती. भोकाशी जायचं आणि ओलं गोणपाट मागे ओढत, गोल गोल फिरत बाहेर यायचं. आपली पावलं आपल्याच मागे पुसली जातात. काठावरून उतरलं की रेतीवर माणूस येऊन गेल्याची खूण राहत नाही. टेकडीखालचं सहा नंबरचं ब्राउन माझ्याकडे होतं.

त्या पौषात रेल्वेत जागा निघाली. मी सांगतोय त्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी साहेबाची शिफारशीची चिठ्ठी घेऊन गोंदियाला हजर व्हायचं होतं. साडेतीनची पॅसेंजर चुकली तर नोकरी गेली. आणि हा साहेब, आमच्या क्लबाचा सेक्रेटरी, पंधरा दिवस चिठ्ठीवर बसून होता. कॅडी चांगला होतो ना मी, सोडतो कशाला! शेवटी त्या दिवशी म्हणाला, "तीन बजे मॅच है. छे नंबर करके आ, फिर चिट्ठी ले जा. मगर ब्राउन पे एक भी पैर दिखा, तो चिट्ठी भूल जाना."

एकच्या सुमारास मी सहा नंबरवर गेलो. ऊन लागलं असेल म्हणाल, तर पौषातलं ऊन ते, पाठीला बरं वाटणारं. पोट भरलेलं, डोकं ठिकाणावर. गोणपाट ओढत फिरत फिरत काठाशी आलो, उतरायला पाय उचलला... आणि पाय टेकला तो झेंड्याच्या काठीशी. भोकाजवळ. चारी बाजूंनी रेती गुळगुळीत, एक पाऊल नाही.

डुलकी लागली असेल म्हटलं. पुन्हा ओढलं. पुन्हा काठ, पुन्हा पाय उचलला, पुन्हा झेंडा.

इथे तुम्ही म्हणाल, अरे बाबा, टाक ते गोणपाट आणि चालत बाहेर ये! माझी नात पण हेच म्हणते. पण पाय उमटले असते ना. चिठ्ठी गेली असती. म्हणून मी शहाण्यासारखा तिसऱ्यांदा ओढायला लागलो. तिथेच चुकलो, असं मला अजून वाटतं. तिसऱ्यांदाही झेंड्याशीच उभा राहिलो, तेव्हा मात्र गोणपाट खांद्यावर टाकलं आणि सरळ निघालो. आठ पावलं मोजली. नऊ. पंधरा. तीस. चुन्याचा दगड एका पावलावर, आणि एका पावलावरच राहिला. मागे पाहिलं तर झेंडा हाताला लागेल इतका जवळ. रेतीत पावलं दोनच होती, मी उभा होतो ती.

मी रडलो. लपवत नाही. चोवीस वर्षांचा बाप्या, भर दुपारी, अंगणाएवढ्या जागेत उभा राहून रडलो. पलीकडे बोगद्यापाशी मालगाडीने शिट्टी दिली, रानात कोणी तरी लाकूड तोडत होतं, सगळं जग जागच्या जागी होतं. फक्त मला तिकडे जाता येत नव्हतं. आधी साहेबाच्या धाकाने आत होतो, पुढे कशाने होतो ते देव जाणे.

तेवढ्यात बांधावर भागरता दिसली. धुतलेला सदरा आणि तांदळाच्या भाकरी बांधून ती मला गाडीवर पोचवायला आली होती. थोडा वेळ तिथेच थांबून तिने पाहिलं. मग हाक मारली, "का करून राहिले जी तेथी? गाडीचा टाइम झाला न!"

आणि मी काय ओरडलो असेन? वाचव नाही, हात दे नाही... "येऊ नोको! पाय उमटतीन!"

ती आली. धुळीच्या पायांनी, सरळ रेतीवरून. माझं मनगट धरलं आणि ओढलं. खांद्यावरून पडलेलं गोणपाट उचलायला वाकलो तर म्हणाली, "राहू द्या ते. मांगं पाहू नोका." आठ पावलांत आम्ही बाहेर होतो.

साहेबाने विचारलं, "हो गया?" म्हटलं, "हो गया, साब." चिठ्ठी घेतली आणि पळालो. भागरता तशीच गाडीत चढली, तिकीट नाही की काही नाही. दरेकशाला पुन्हा राहायला म्हणून आम्ही कधी गेलो नाही.

एक खोड मात्र तिला त्यानंतर लागली. जेवताना मध्येच विचारायची, "आपल्या लग्नात मांडव कोनत्या बाजूनं पडला होता?" "माझ्या मोठ्या भावाच्या बैलाचं नाव का होतं?" मी थट्टा करायचो, परीक्षा घेतेस का मास्तरणीसारखी? एकदा बैलाचं नाव चुकलो, तर त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटायचं, माहेरची आठवण येत असेल.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मला जवळ बसवून घेतलं.

"त्या दिवशी बांधावरून मले दोघं दिसले होते," ती म्हणाली. "एकमेकाच्या मांगं गोल गोल फिरून राहिले होते. दोघं बी तुमीच. तेच कपडे, तेच पाय. मी आवाज देली, त दोघांनी बी पाह्यलं. एक वरडला, येऊ नोको, पाय उमटतीन म्हनून. दुसरा काईच नाई बोलला, नुसता रडून राहिला होता. मी त्याचा हात धरली."

मी विचारलं, "त्याचाच काऊन?"

"ज्याले माह्यापेक्षा साहेबाच्या रेतीची फिकर, तो कायले पाह्यजे मले?" ती हसली. मग बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, जेवताना पाहायची तशी. "बरोबर आनली न मी?"

"बरोबर आणलीस," मी म्हणालो. तिने डोळे मिटले. पुढे आमचं काही बोलणं झालं नाही.

चौतीस वर्षांत रजिस्टरात मी खोटं लिहिलं नाही, तिला मात्र खोटं सांगितलं. कारण मनगटावरची तिची पकड मला आठवते, आणि 'येऊ नोको' असं ओरडलेलंही मला लख्ख आठवतं. तो ओरडणारा मी होतो. मग ती कोणाला घेऊन आली आणि तिथे कोण राहिलं, मला माहीत नाही.