चिंचेनं घासलेला बादशहा

सोनईचा आसाराम कासार फुटक्या भांड्यांची मोड विकत घ्यायचा. कुणाला तंबाखूचा नाद असतो, कुणाला बैलांचा. ह्या बाबाला रोमच्या बादशहांचा! मोडीच्या ढिगात कधीमधी मुंडकं छापलेलं हिरवट नाणं निघायचं. शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं, ही फार जुनी, समुद्रापलीकडच्या रोमची. झालं, तेव्हापासून गडी कामातून गेला. नाणं वाटीभर गोडेतेलात भिजवायचं आणि सुटलेली माती बाभळीच्या काट्यानं हळूच टोकरायची. घासायचं मात्र नाही. तोंड हिरव्या गंजातच उरलेलं असतं. गंज गेला की तोंडही गेलं.

बायको छबूबाई भडकायची. "तुमच्या मुंडक्यांस्नी फोडनीचं त्याल लागतंय व्हय?"

बहात्तरचा दुष्काळ पडला, धंदा बसला. पुढच्या उन्हाळ्यात छबूबाई तलावाच्या कामावर माती उपसायला जाऊ लागली. एका संध्याकाळी तिनं कामावर खायला मिळालेली सुकडीची पिशवी खाली ठेवली आणि पदराची गाठ सोडली. आत मातीनं माखलेलं नाणं! जन्मभर शिव्या घातल्या, पण ओळखलं मात्र बरोबर. तिनंच बुधलीतलं उरलंसुरलं तेल वाटीत ओतलं.

"ह्यो माजा राजा हाय. त्वांड दिसलं की आदी मला दावायचं."

त्याच आठवड्यात तिला ताप भरला आणि ती गेली.

लोक आले, रडले, गेले. आसारामच्या डोळ्यांत टिपूस नाही. बहीण भीमाबाई म्हणाली, "दादा, रड की रं." तो म्हणाला, "रडतो." आणि तसाच बसून राहिला. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. आतून सगळं बधिर झालं होतं.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. भाऊबंदांनी काय काय कबूल केलं, शेवटी ऊन चढलं. मग आसाराम पुढं झाला, हात जोडून म्हणाला, "छबू, तुजा राजा तुला दावीन." कावळा लगेच खाली उतरला.

तो घरी आला तर अंगणात भांडी लखलखत होती. सुतक फिटायचं म्हणून भीमाबाईनं घरातलं सगळं तांबं-पितळ चिंचेनं नि राखेनं घासून काढलं होतं. वाटीही घासलेली, पालथी. तिनं मोठ्या मायेनं नाणं त्याच्या हातावर ठेवलं.

"बग दादा, कसलं गंजल्यालं! सोन्यावानी केलं."

दोन्ही बाजू गुळगुळीत. भीमाबाईवर रागावायला हवं होतं, पण रागही येईना.

"चांगलं घासलंस," तो म्हणाला.

दिवेलागणीला, छबूबाई गेली त्या जागी दिवा तेवत होता, तिथं त्यानं नाणं ठेवलं. शब्द दिला होता. मेलेल्या माणसाला फसवायचं कसं?

"छबू, ह्यो बग तुजा राजा," तो म्हणाला. "नाक सरळ हाय. डोईवर मुकूट हाय. डोळं मोठं..."

बायकोशी तो कधी खोटं बोलला नव्हता. पुढचा शब्द निघेना, आणि मग त्याला असा हुंदका फुटला की भीमाबाई चुलीपासून धावत आली.