शेळीची पहिली धार

माझी थोरली पाच महिन्यांची असताना मला विषमज्वर झाला आणि माझं दूध आटलं. पनवेलात तेव्हा म्हशीचं दूध काय सुरेख मिळायचं, बोटभर साय यायची! पण पोरीला ते पचेना. सगळं ओकायची. गाईचंही सोसेना. पोर वाळून नुसती काडी झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, शेळीचं देऊन बघा.

मग जवळच्याच कोन नावाच्या गावची एक आगरी मावशी रोज सकाळी आपली शेळीच घेऊन आमच्या मागल्या दारी यायला लागली. काय ते तिचं काम! आधी विहिरीवर जाऊन हात धुणार, मग कढत पाण्यात पिळलेल्या फडक्याने सड पुसणार, आणि पहिल्या दोन-तीन धारा सरळ मातीत सोडणार. माझा जीव तुटायचा. मेली शेळी देणार ती जेमतेम पेलाभर!

"अहो मावशी, माझ्या पोरीच्या तोंडचं मातीत कसलं घालता?" मी एकदा खेकसलेच.

"पयली धार धरतरीची गो बाय. ती आपली नाय."

मी कसली ऐकते! एकदा ती विहिरीवर गेली तेवढ्यात मी शेळीखाली बसले, पहिल्या धारा वाटीत धरल्या आणि धारोष्ण दुधाला गुण जास्त म्हणून तशाच कच्च्या पोरीला पाजल्या.

दुपारी जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी मला चांगलं फैलावर घेतलं. "सडाच्या तोंडाशी घाण असते, ती पहिल्या धारेबरोबर जाते. आणि न उकळता दिलंत? अक्कल गहाण ठेवली होती का?" तीन दिवस पेजेच्या पाण्यावर काढले. पोर रडायचीसुद्धा थांबली. माझ्या हातांनी मी लेक घालवली, असंच वाटत होतं.

चौथ्या दिवशी मावशीला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता झाडणार. ती एवढंच म्हणाली, "चूल पेटव." दूध काढलं, वर येईपर्यंत चुलीपुढून हलली नाही, मग पाणी घालून निववलं. मी मॅट्रिक झालेली, तिने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण त्या घटकेला तिचे पाय धरावेसे वाटले मला.

चार चमचे पोटात गेले. मावशीने वाटी खाली ठेवली मात्र, पोरीने टाहो फोडला.

"अगं बाई, पुन्हा दुखायला लागलं!" मी किंचाळले.

"दुकत नाय गो," मावशी हसली. "अजून मागतंय."