ऑस्करच्या टाकीतलं मीठ

खड्या मिठाची पिशवी फोडली की बोईसरच्या भाड्याच्या खोलीत काचेच्या टाकीत पाळलेला ऑस्कर मासा आठवतो. होता ताटाएवढा, पण मी परातीएवढा सांगतो. खोलीत आम्ही तिघं कामगार, तिघांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे एक घरात शिरला की दुसरा निघालेला आणि तिसरा घोरत असायचा. माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले, तेव्हा तो जिथून आणला तो दुकानदार म्हणाला, "दिवसाला एक मूठ मीठ टाका." तिघांनीही पाळीवरून येऊन रोज इमानदारीत आपापली मूठ टाकली. तिसऱ्या दिवशी मासा आडवा! घरमालकीण समुद्राकाठच्या केळव्याची. ती काचेतून बघत म्हणाली, "काय रं पोरांनो, सुका म्हावरा करायचा हाय काय? मंग उनात ठेवा ना!" तेव्हा कुठे तिघांच्या मुठींचा हिशेब लागला. तिघांनी खाडा केला आणि दिवसभर तांब्या-तांब्यानं खारं पाणी काढून गोडं घातलं, कारण एकदम बदललं असतं तर तो गेलाच असता. संध्याकाळी तो सरळ झाला आणि माझ्या बोटाला चावला. वर्षभरात आम्ही तिघं पहिल्यांदाच एकत्र जेवलो. आता घरात बायको, मुलगी आणि मी, तिघांच्या वेळा वेगळ्या; सगळे एकत्र बसायला अजून कुणीतरी आजारीच पडावं लागतं.