मोरीतली हाक

आमची मुलगी तान्ही होती त्या वर्षी मला माझ्या बायकोचा जितका हेवा वाटला, तितका पुढे आयुष्यात कोणाचाच वाटला नाही. माझ्यानंतर नोकरीला लागून माझ्याआधी बढती मिळवलेल्या दोस्ताचा नाही, शहरात स्वतःची जागा घेतलेल्या मेव्हण्याचाही नाही. आम्ही तेव्हा खडकीला क्वार्टर्समध्ये राहत होतो. मी कारखान्यात फिटर, कायम दुसऱ्या पाळीला. बायको शहरातल्या एका शाळेत शिक्षिका, आणि तिची शाळा सकाळची. ती उजाडता उजाडता गाडी धरायची आणि जेवणाच्या वेळेला परत यायची. तिने चपला काढल्या की थोड्या वेळाने मी बूट घालायचो. म्हणजे मुलीची सकाळ माझी आणि संध्याकाळ तिची, अशी सरळ वाटणी होती. सकाळ म्हणजे नेमकं काय, हे मात्र वाटणी करताना मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिले काही महिने माझी आई गावाहून येऊन राहिली होती. पाटावर पाय लांब करून बसायचं, पोर नडग्यांवर पालथी घ्यायची, आधी तेल, मग साय घालून कालवलेलं डाळीचं पीठ, मग तांब्याने बेताबेताने पाणी, असं सगळं ती सुनेला शिकवायची आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघायचो. आमची मोरी स्वयंपाकघरातच होती, कोपऱ्यात, वीतभर कठड्याची. परत जायच्या वेळी आईच्या लक्षात आलं की सुनेची शाळा सुरू होणार, म्हणजे आंघोळ मी घालणार. तिने माझ्या पायांकडे बघितलं.

"या जंगलावर पोरीला पालथी घालणार तू?" ती म्हणाली. "ओरखडे उठतील तिला."

दुसऱ्या दिवशी दाढी झाल्यावर त्याच ब्लेडने दोन्ही नडग्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुळगुळीत केल्या, आणि पुढे दर आठवड्याला करत राहिलो. खुंट वाढायला लागले की असे खाजायचे की कारखान्यात मशीनवर उभं राहणं मुश्किल व्हायचं. बायकोने ही गोष्ट शेजारणीला हसत हसत सांगितली. शेजारणीने ती पुढे पाठवली. मी जिन्यावरून उतरलो की बायकांच्या नजरा आधी माझ्या पँटकडे जायच्या. मी नडग्या भादरतो हे सगळ्या क्वार्टर्सना माहीत होतं. कशासाठी भादरतो, एवढं मात्र कोणी लक्षात ठेवलं नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. आमच्या मुलीला कोमट पाणी अंगावर पडलं की शी व्हायची. कधीतरी नाही, जवळजवळ रोज. मी काही अडाणी नव्हतो. आंघोळीच्या आधी तिला दोन्ही पावलांवर बसवून, खाली वर्तमानपत्र पसरून, तोंडाने शूऽ शूऽ करत मी बराच वेळ बसून राही. ती न्यायाधीशासारखी माझ्याकडे बघत बसायची. शी नाही, शू नाही, निकाल राखून ठेवलेला. मग मी हताश होऊन तिला नडग्यांवर घ्यायचो, पीठ लावायचो, पहिला तांब्या ओतायचो, की लगेच निकाल लागायचा.

पहिल्यांदा झालं तेव्हा बादलीतलं गरम पाणी संपत आलं होतं. पोर पालथी, माझे पाय लांब, अंगभर पिवळं पीठ आणि त्यात हे. कुठलं पिवळं कुठलं ते कळेना. उठावं तर तिला ठेवायचं कुठे? नेमका तेव्हा दूधवाला आला आणि कडी वाजवत बसला. मी आतून ओरडून त्याला थांबायला सांगत होतो, तो बाहेरून ओरडून पातेलं मागत होता, आणि आमची राजकन्या पाय झाडून झाडून सगळं माझ्या गुडघ्यांपर्यंत पोचवत होती. शेवटी गार पाण्याने तिला धुतली. ती निळी होईपर्यंत रडली आणि मीही रडायच्या बेतात आलो.

बसायला लागल्यावर तिच्यासाठी प्लॅस्टिकचा टब आणला. मला वाटलं, आता तरी सुटलो. एकदा टॉवेल घ्यायला वळलो, परत बघतो तर बाईसाहेबांनी पाण्यावर तरंगणारं ते दोन्ही हातांनी धरलेलं, बेसनाचा लाडू धरावा तसं, आणि तोंडाकडे निघालेलं. मी ते हिसकावून घेतलं. त्याचा तिला इतका राग आला की टबातलं पाणी तिने हातांनी माझ्या तोंडावर उडवलं. ते पाणी कसलं होतं ते सांगायला नको. तेव्हापासून टब माळ्यावर गेला आणि मी पुन्हा नडग्यांवर आलो.

रडायला लागली की मी तिची समजूत घालायचो. "आई येईल हं. आत्ता येईल आई. झालंच, आई येतेय." एका हाताने तिला उचलून धरायची, दुसऱ्या हाताने धुवायची, आणि तोंडाने हे चालू. माझ्या आईनेही मला असंच धुतलं असणार. मला दुसरं काही येत नव्हतं.

मग दुपट्यात गुंडाळायची, धुरी द्यायची, पावडर, काजळ, तीट. लंगोट धुवायचे, मोरी घासायची, पाट उन्हात ठेवायचा. हे सगळं आटोपतंय तोवर बायको यायची. आली की हात धुवायची, पोरीला उचलायची, तिच्या मानेत नाक खुपसायची आणि म्हणायची, "कसा गोड वास येतोय माझ्या चिमणीला." जसा काही तो वास पोरीला आपोआप सुटला होता. आणि ती चिमणी? सकाळभर माझ्यावर डाफरणारी ती चिमणी आईच्या अंगावर झेपावायची, दोन दात दाखवून हसायची, तिचं मंगळसूत्र ओढायची. शेजारीण दारातून म्हणायची, "पोर किती नेटकी ठेवलीये हो तुम्ही, नोकरी सांभाळून." आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच. मला शी आणि हिला हसू. मी ताटावर बसायचो आणि आमटीत तोंड घालून गप्प जेवायचो.

"काय झालंय तुम्हाला?" बायको विचारायची.

"काही नाही. मीठ बरोबर आहे."

रविवार तर मला नकोसा व्हायचा. रविवारी बायकोला सुट्टी, म्हणून आंघोळ तिच्या हक्काची. ती साडी खोचून अशी थाटात पाटावर बसायची जसं काही सत्यनारायणाला बसलीये. आणि रविवारी आमची मुलगी एकदाही, एकदासुद्धा, मोरीत शी करत नसे. तेल लावून घ्यायची, पीठ लावून घ्यायची, पाण्याखाली गुणी बाळासारखी पडून राहायची. एका रविवारी बायको पोरीला पुसता पुसता म्हणाली, "माझ्याकडे कधी करत नाही हो. तुम्ही पाणी फार कढत घेत असाल." मी बाहेर जाऊन सायकल पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती.

याच सुमारास बोलण्याची शर्यत सुरू झाली. शर्यत आहे असं आम्ही दोघंही कबूल करत नव्हतो. मुलगी वर्षाची झाली होती. काऊ म्हणायची, माऊ म्हणायची, पण आई नाही आणि बाबाही नाही. बायको फार आतुर झाली होती. तिच्या शाळेतल्या एका बाईंचा मुलगा दहाव्या महिन्यात आई म्हणाला होता, तेव्हापासून ती घरात शिरताना चपला काढायच्या आधी विचारायची, "आज काही बोलली का?" एकदा तिने मला हसत विचारलं होतं, पण डोळे हसत नव्हते. "मी सकाळभर नसते म्हणून तर नसेल ना?" मी म्हणालो, "छे." मनात म्हणालो, तू नसतेस, पण मी असतो की. मी रोज नडग्यांवरच्या त्या पोरीला तासतासभर "बाबा, बाबा" शिकवत होतो.

आणि एका सकाळी, अंगावर पाणी पडून नेहमीचा प्रकार झाल्यावर, तिने मान वर उचलली, रडवेलं तोंड केलं आणि स्वच्छ म्हणाली, "आई."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी तिला म्हटलं, बाबा. ती म्हणाली, आई. मी धुतली, पुसली, दुपट्यात घेतली. आई. दुसऱ्या दिवशीही तेच. शी झाली की आई. मला इतकी तिडीक आली म्हणून सांगू. मी इथे कोपरापर्यंत बरबटून बसलोय आणि ही हाक कोणाला मारतेय, तर शहरात फळ्यावर सुवाच्य अक्षरात शुद्धलेखन लिहीत उभ्या असलेल्या बाईला.

त्या दुपारी बायकोने दारातून विचारलं, "बोलली का काही?"

"नाही," मी नडगी खाजवत म्हणालो.

रोज ती विचारायची आणि रोज मी नाही म्हणायचो. मला त्याचं काही वाटत नव्हतं. तिला हसू मिळत होतं, झेपावणं मिळत होतं, शेजारणीची शाबासकी मिळत होती. एवढा एक शब्द माझ्या मोरीतून बाहेर जाऊ द्यायला माझा जीव होत नव्हता.

पण मन तेवढ्याने भरेना. हिलाही एकदा कळलं पाहिजे, असं डोक्यात बसलं. शनिवारी मी कामावर जायच्या आधी वाटीत काळ्या मनुका भिजत घातल्या आणि रविवारी पहाटे, बायको अजून अंथरुणात होती तेव्हा, त्या कुस्करून पाण्यासकट पोरीला चमच्याने पाजल्या. तिला आवडल्या. मग वर्तमानपत्र घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर जाऊन बसलो. एरवी रविवारी मी तिथे बसत नसे.

बायको दाराकडे तोंड करून पाटावर बसली. पोर आता लांब झाली होती, तिचं डोकं पार बायकोच्या घोट्यांपाशी, माझ्या समोर. तेल झालं, पीठ झालं. पहिला तांब्या पडला. दुसरा पडला. मग बायको "अगं बाई" म्हणाली आणि मी पेपर तोंडासमोर धरला, कारण मला हसू आवरत नव्हतं.

साधासुधा प्रकार नव्हता. मनुकांनी आपलं काम चोख केलं होतं. साडी गेली, परकर गेला, भिंतीपर्यंत शिंतोडे गेले. बायको एका हाताने पोरीला धरून दुसऱ्या हाताने पाणी शोधत होती आणि म्हणत होती, "अहो, बघताय काय, बादली सरकवा." मी सावकाश उठलो. पोरीने मान वर केली, तोंड वाकडं केलं आणि जोरात म्हणाली, "आई!"

बायकोचा हात थांबला.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "अहो, आई म्हणाली. ऐकलंत ना तुम्ही?" तिच्या अंगावर काय आहे याची तिला शुद्ध राहिली नव्हती. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अगं सोन्या, मी इकडे आहे. मागे बघ. ही बघ आई." तिने पोरीला तशीच बरबटलेली उचलली आणि आपल्याकडे तोंड करून मांडीवर घेतली.

पोरीने तिच्याकडे बघितलं. नीट बघितलं. मग अंग पिळून मागे वळली, दोन्ही हात माझ्याकडे पसरले आणि रडत रडत म्हणाली, "आई. आई."

मी बादली हातात घेऊन उभा होतो. मला बाबा व्हायचं होतं, आणि बायकोला एकदा हरलेली बघायचं होतं. इतके दिवस ती हाक मी दुसऱ्याच्या नावावर मांडून जळत होतो आणि ती रोज माझ्याच तोंडावर मारली जात होती. ज्या माणसाने धुवायचं, त्याचं नाव तिला मीच शिकवलं होतं. या क्षणाला मला आनंद व्हायला हवा होता. पण मी बायकोच्या तोंडाकडे बघत होतो, आणि ते तोंड मला चांगलं ओळखीचं होतं. वर्षभर दाढी करताना मी तेच आरशात बघत आलो होतो.

मग बायकोने पोरीला दोन्ही काखांखाली धरून हात लांब केले.

"घ्या," ती म्हणाली. "तुम्हाला हाक मारतेय."

मी पाय लांब करून मोरीत बसलो. पँट वर करायलाही सुचलं नाही. पोरीला नडग्यांवर घेतलं, धुतली. तोंडाने सवयीने "आई येईल" निघणार होतं, ते गिळलं. पोर लगेच गप्प झाली. बायको तशाच भरलेल्या साडीत बाजूला उभी राहून तांब्याने पाणी घालत होती, अगदी बेताबेताने, माझ्या आईने शिकवलं होतं तसं.

"कधीपासून म्हणते?" तिने विचारलं.

"आजच," मी म्हणालो. "पहिल्यांदाच. मलाही नवल वाटलं."

तिने आणखी एक तांब्या घातला.

"खोटं बोलताना," ती म्हणाली, "तुमचा हात नडगीकडे जातो."