पंख्याभोवतीची शेकोटी

"बाई, आता यांना घरी न्या," चंद्रपूरचे छातीचे डॉक्टर म्हणाले आणि माझ्या हातातली एक्स-रेची पिशवी खाली पडली. आमच्या गावाकडे डॉक्टरांनी 'घरी न्या' म्हटलं, की लोक नातेवाइकांना फोन लावायला घेतात.

माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "यांना सीओपीडी आहे. दोन्ही फुप्फुसं फार खराब झालीत, ती दुरुस्त होणार नाहीत. पण दम लागण्याचा त्रास कमी करता येतो आणि ते काम घरी जास्त चांगलं होतं. मी तुम्हाला सोडून देत नाहीये."

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या सुजून अरुंद होण्याचा जुनाट आजार. आत गेलेली हवा नीट बाहेर पडत नाही, म्हणून नवी हवा घ्यायला जागा उरत नाही. आमच्या ह्यांनी मूल गावातल्या एका राइस मिलमध्ये तीस वर्षं धानाची धूळ खाल्ली आणि वरून बिड्या ओढल्या. आधी सायकल सुटली, मग आठवडी बाजार, मग उभ्यानं अंघोळ. आम्ही म्हणत राहिलो, वय झालं. चार पायऱ्या चढल्यावर माणसाला बोलता येत नसेल, तर ते वय नसतं. अंगणवाडीत पंचवीस वर्षं लोकांच्या पोरांची वजनं घेतली मी, आणि घरातला माणूस वाळत चालला ते दिसलं नाही. त्याचा राग मला अजून येतो.

डॉक्टरांनी जे सुचवलं त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आजार बरा होण्यातला नसला, तरी माणसाला बरं वाटावं म्हणून केलेली देखभाल. संगीता सिस्टर आठवड्यातून एकदा स्कूटीवर गावात येऊ लागल्या. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर बसला. खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीनं नाकाशी देणारं, विजेवर चालणारं हे यंत्र. सारखं घुर्र करतं. हे म्हणाले, "मी मिल सोडली, तं मिलच घरी आली."

आता माझ्या चुका सांगते. तुमच्या घरी असं यंत्र आलं तर त्या उपयोगी पडतील.

आमच्या दारात दिवाळीपासून होळीपर्यंत रोज दिवेलागणीला शेकोटी असायची. हे मिलमधून येताना धानाचा कोंडा पोत्यात भरून आणत. कोंडा भडकत नाही, पण तासन्‌तास धुमसत राहतो. त्याभोवती अर्धी गल्ली बसायची. कोणाचं धान किती झालं, वाघ कुठल्या नाल्यावर दिसला, कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, सगळं तिथेच कळायचं. ह्यांचे लहानपणचे मित्र डोमाभाऊ घोंगडं पांघरून सगळ्यात आधी यायचे आणि सगळ्यात शेवटी उठायचे.

यंत्र आलं तेव्हा सिस्टरनं बजावलं होतं, ऑक्सिजनजवळ आग नको आणि धूर तर कुठेच नको. मी शेकोटी बंद केली. बुद्धवंदनेची मेणबत्ती आणि अगरबत्तीसुद्धा ह्यांच्या खोलीतून हलवली. इथवर ठीक होतं. पण मी तेवढ्यावर थांबले तर ना! थंडी लागेल म्हणून खिडकीवर चादर ठोकली. दार लावून घेतलं. आणि आगीबरोबर माणसंही बंद केली. डोमाभाऊ आले, तर त्यांना दारातच म्हटलं, "तुमच्या घोंगड्याले बिडीचा अन्‌ धुराचा वास येते. ह्यांले खोकला येते. नका येत जाऊ."

ते उलट्या पावली गेले.

दुसरी चूक जिवावर बेतली असती. ऑक्सिजन दोनवर, म्हणजे मिनिटाला दोन लिटर, ठेवायला सांगितला होता. एका सकाळी ह्यांना जास्त दम लागला, म्हणून मी बटण चारवर नेलं. चांगली गोष्ट जास्त दिली तर बिघडतं कुठे, असं वाटलं. दुपारपर्यंत हे डोकं धरून बसले, मग गुंगीत गेले, मग मिलमधल्या माणसांची नावं घेऊन बरळू लागले. मला वाटलं, संपलं. सिस्टरला फोन केला. त्या म्हणाल्या, "आधी बटण दोनवर आणा, मी निघालीच."

आल्या, तपासलं, डॉक्टरांशी फोनवर बोलल्या. मग मला समजावलं, "बाई, या आजारात ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त झाला, तं शरीरात कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वापरलेली हवा साचते. त्यानं गुंगी येते. ह्याईच्या बोटाले लावाच्या मशीनवर ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव दिसला तं बस्स. शंभर पाहाची हौस करू नका. अन्‌ मले विचारल्याबिगर बटणाले हात लावू नका."

अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही. संध्याकाळी ह्यांनी डोळे नीट उघडून चहा मागितला. मी तो चुलीवर नाही, गॅसवर, मागच्या पडवीत ठेवला आणि तिथेच रडून घेतलं.

सिस्टरनं खिडकीवरची चादर काढली. स्टुलावर टेबलफॅन ठेवून त्याचा वारा ह्यांच्या तोंडावर सोडला. पौषातली थंडी! मी म्हटलं, "बाई, मरतीन ते." त्या हसल्या. गालांना आणि नाकाला गार वारा लागला, की हवा मिळते आहे असं मेंदूला कळतं आणि दम लागल्याची घबराट कमी होते, असं त्यांनी सांगितलं. खरंच, ह्यांचे खांदे हळूहळू खाली आले. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी मॉर्फिनचा अगदी लहान डोस सुरू केला. नाव ऐकून मी घाबरले, शेवटच्या घटकेचं औषध वाटलं मला. तसं नाही. डॉक्टरांच्या मापानं घेतलं, तर श्वासाची तगमग कमी होते. पोट मात्र साफ ठेवावं लागतं, त्याचं औषध सोबत देतात.

मॉर्फिन सुरू झालं त्या दिवशी जाताना सिस्टरनं ह्यांना विचारलं, "भाऊ, तुमाले काय पायजे?"

मला वाटलं, बरं व्हायचं म्हणतील.

"माणसं पायजे," हे म्हणाले. एकेका शब्दाला थांबत होते. "ही मले कोठीतल्या धानासारखी कोंडून राह्यली."

"मंग बोलवा की."

"आगीबिगर कोण येते हिवाळ्यात? लोक शेकाले येत होते. मले पाहाले नाई."

हे बोलून ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस कशाला भीत असेल, तर आपण कोणाला नकोसे होऊ याला, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ते खरं ठरवायला मीच दार लावून बसले होते.

मी उठले आणि डोमाभाऊंच्या घरी गेले. माफी मागायची मला सवय नाही. "चुकलं माझं. संध्याकाळी या. आग नाई, बिडी नाई, नुसतं बसाचं आहे," एवढंच म्हटलं. ते म्हणाले, "पाहू."

त्या संध्याकाळी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी दार उघडं ठेवून बसले होते. हे म्हणाले, "लाव आता. थंडी येऊन राह्यली."

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीलाच अंगणात आवाज आला. डोमाभाऊ पुढे, मागे गल्लीतले चौघं. डोमाभाऊंच्या अंगावर तेच घोंगडं, पण साबणाचा वास मारत होतं. मी बघत राहिले, तसे म्हणाले, "काय करू वहिनी, धुतलं तं तीन दिवस वाळेच नाई. एकच आहे माह्यापाशी."

मी सतरंजी अंथरली.

सगळे पंख्याच्या बाजूनं गोल करून बसले. डोमाभाऊंनी दोन्ही तळवे पंख्यासमोर धरले आणि दात वाजवत म्हणाले, "लय थंडी आहे बा. शेकू दे."

"शेकून घे," हे म्हणाले. कितीतरी दिवसांनी हसले.

अर्ध्या तासात वीज गेली. यंत्रानं ओरडायला सुरुवात केली. सिस्टरनं शिकवल्याप्रमाणे मी नळी अशा वेळेसाठी ठेवलेल्या ऑक्सिजनच्या सिलिंडरला जोडली, काटा दोनवर आहे ना ते दोनदा पाहिलं. मागे वळले, तर पाचही जण दुपट्ट्यानं, टोपीनं, माझ्या सुपानं ह्यांना वारा घालत होते. वीज यायला बराच वेळ लागला. कोणी थांबलं नाही. शेवटी डोमाभाऊंनी घोंगडं काढून बाजूला ठेवलं आणि कपाळ पुसलं.

हे एकेक शब्द जुळवत म्हणाले, "आग नाई... पण घाम तं काढला न तुमचा!"

आता चैत्र चालू आहे. हे सुधारतील असं मी म्हणत नाही. दारापर्यंतची पावलं आता खुर्चीपर्यंतच उरलीत, आणि पुढे काय आहे ते आम्ही दोघांनी सिस्टरसमोर बोलून घेतलं आहे. हे घरीच राहणार. मला त्याची आता धास्ती वाटत नाही. तुमच्याकडे कोणी असं दमून बसलं असेल, तर औषध, नळी, बटण सगळं नीट शिकून घ्या. पण खिडकी उघडी ठेवा, आणि दारही.

घोंगडी पेट्यांमध्ये गेली. उकाड्यानं जीव नकोसा होतो, तरी पाचही जण दिवेलागणीला येतात. काल ते गेल्यावर हे बराच वेळ उघड्या दाराकडे पाहत होते. मग मला म्हणाले, "अवं, आता तं शेकाचंही काम नाई. तरी येतेत."