आधीच उमटलेली हिरवी खूण

आमच्याकडं काम व्हायच्या आधीच ‘झालं’ म्हणायची पद्धत आहे. शिंप्याला विचारा, ब्लाउज झालं का? तो म्हणणार, झालंच की. कापड अजून पिशवीतून निघालेलंही नसतं. वडवणीतल्या आमच्या किराणा दुकानात वडीलही तसेच. ‘माल निघाला’ म्हणाले की समजायचं, अजून फोनसुद्धा केलेला नाही. या सवयीला मी कायम नाक मुरडलं. आणि मग तीच सवय माझ्या हातानं एका अ‍ॅपमध्ये घालून बसले.

मी घरून सॉफ्टवेअरचं काम करते. बीडच्या एका छोट्या डायलिसिस केंद्राला पेशंटची पाळी मोबाइलवरून नोंदवायची सोय हवी होती, ती मी करून दिली. अशा अ‍ॅपच्या पोटात एक पाटी असते, तिला आम्ही स्टोअर म्हणतो. त्या पाटीवर जे लिहिलेलं असतं तेच स्क्रीनवर दिसतं. बटण दाबलं की निरोप केंद्राच्या सर्व्हरकडं जातो, आणि उत्तर यायला वेळ लागतो. म्हणून पाटीवर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायच्या असतात: निरोप गेला, होकार आला, किंवा बिघडलं.

केंद्रातले लोक कुरकुरायला लागले की उत्तर येईपर्यंत स्क्रीनवर चक्र लई वेळ फिरतं, पेशंट वैतागतात. मी म्हटलं, एवढंच ना? बटण दाबलं की लगेच हिरवी खूण दाखवते, उत्तर येईल मागाहून. कुणाच्या फोटोला बदाम देताना ही युक्ती चालून जाते. बिघडलं तर खूण पुसायची, एवढं लिहायचं राहिलं. राहिलं कसलं डोंबलाचं, मीच ठेवलं. त्या जागी ‘नंतर बघू’ असं लिहिलं आणि अ‍ॅप सुरू करून दिलं.

दुकानासमोर चाचांचा फळांचा गाडा असतो. चाचींचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. चाचा आदल्या दिवशी केंद्रात फोन करून पाळी पक्की करायचे. मीच तोऱ्यात गाड्यापाशी गेले आणि त्यांच्या मोबाइलवर अ‍ॅप लावून दिलं. “चाचा, फोन कशाला लावत बसता? हे दाबायचं. हिरवं झालं की पाळी पक्की.”

पुढं एका बाजाराच्या दिवशी चाचांनी गिऱ्हाइकांच्या गर्दीत ते बटण दाबलं. बाजाराला एवढी माणसं आली की आमच्याकडं नेटवर्क मरतं, हे मला काय माहीत नव्हतं? निरोप कुठंच गेला नाही. खूण मात्र हिरवीगार उमटली. दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं बीडला गेले, तर यादीत नाव नाही आणि सगळ्या मशीन भरलेल्या. चाचांनी मोबाइल पुढं केला. टेबलावरची मुलगी म्हणाली, “ते तुमच्या मोबाइलवर हाय, चाचा. आमच्याकडं न्हाई.”

दोघं परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचींना दम लागला, पाय सुजून टम्म झाले. जीप करून नेलं. दोन दिवस त्या ऑक्सिजनवर होत्या आणि गाडा बंद होता.

मी लॅपटॉप उघडून पाहिलं. त्या दिवशीचा निरोप सर्व्हरवर नव्हताच. राहिलेल्या पाच ओळी लिहायला अर्धा तास पुरला. तो अर्धा तास मला आधी मिळाला नव्हता असं कुणी समजू नये. केंद्राला कळवलं, “थोडी सुधारणा केली आहे.” सुधारणा म्हणे. लाज वाटायला पाहिजे होती, आणि वाटतही होती, तरी शब्द तोच वापरला.

चाची वाचल्या. गाडा पुन्हा लागला त्या दिवशी चाचा दुकानात आले. मोबाइल दोन्ही हातांत धरलेला. म्हणाले, “बेटा, एक विचारू का? माझंच दाबायला चुकलं असंल का?”

चाचा, चूक माझी आहे. एवढंच वाक्य बोलायचं होतं. वडील समोर होते, दोन गिऱ्हाइकं होती, आणि गावात मी हुशार पोरगी.

“होतं असं कधी कधी,” मी म्हणाले. “पुढच्या वेळी जरा सावकाश दाबत जा.”

ते हो म्हणाले.

आता अ‍ॅप चोख चालतं. होकार आल्याशिवाय हिरवं होत नाही. पण चाचा स्वतः ते उघडत नाहीत. आठवड्यातून दोनदा चाचींना घेऊन दुकानात येतात आणि मोबाइल माझ्यापुढं धरतात. “तूच दाब, बेटा. माझ्या हाताचा काय भरवसा न्हाई.” मी दाबते. चाची माझ्या डोक्यावर हात ठेवून दुआ देतात, मग नवऱ्याकडं वळून म्हणतात, “बघा, असं दाबायचं असतंय.”

चाचा मान खाली घालून ऐकून घेतात.