मायचा फ्रीज थंड होत न्हाई म्हणे

गड्यांनो, मी इकडं सुरतला कामावर. आज दुपारी वाटूरहून दादाचा फोन आला. "फ्रीज थंडच करून न्हाई राह्यला. गॅस गेला असंल. नवा मोठा घे."

तो फ्रीज मी मायच्या शुगरच्या इंजेक्शनसाठी घेतल्ता. मंग मायला व्हिडिओ कॉल लावला. पिन बघितली, बटन बघितलं, सगळं बराबर. म्हणलं, "माय, दार उघड."

आत वरपासून खालपर्यंत दादाच्या टपरीच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या! हवा फिरायला बोटभर जागा न्हाई, दार बी पुरतं लागंना.

"अन् तुझं इंजेक्शन?"

"हे काय, फ्रीजवर वाटीत. दादाला बोलू नको बाबा, उन्हाळा सरला की काढंल तो."

म्हणजे मायला बी सगळं ठावं. मला मात्र रोज फोनवर म्हणायची, "इंजेक्शन फ्रीजातच हाय."

दादाला म्हणलं, बाटल्या काढ. म्हणला, "तिकडं बसून मला शिकवू नको," अन् फोन कट.

वाटीतलं इंजेक्शन फेकायला लावलंय. संध्याकाळी नवं येईल. वाटूरचं कुणी हे वाचून राह्यलं असंल, तर मायच्या इंजेक्शनपुरती तुमच्या फ्रीजात जागा द्याल का?